कच्च्या शेंगेची ओळख

पाण्यात राहून माशाशी वैर धरू नये म्हणतात. शिवलीला मेंगाणेने सोलापुरात राहून शेंगांशी धरलं होतं, आणि तेही सासर शेंगा चटणीवाल्यांचं असताना.

या गावात शेंगा कशात नसतात ते सांगणं सोपं. चहात नसतात. बाकी भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाच्या खिचडीत कूट, आणि कशातच घालायला जमलं नाही तर भाकरीच्या कडेला चटणी आहेच. शिवलीलाच्या मुलीला, इंचराला, यातला एक कण चालत नसे. अंगावर गांधी उठत, ओठ सुजत, घसा आवळून येई. सव्वा वर्षाची असताना तिच्या आजीने, म्हणजे शिवलीलाच्या सासूने, मांडीवर घेऊन कौतुकाने चटणीचं बोट तिच्या जिभेला लावलं होतं. पोर निळी पडली. दवाखान्यातून शिवलीला जी बाहेर पडली ती बाळीवेशीतल्या घरी परत गेलीच नाही. विजापूर रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि सासूला सगळ्यांदेखत सांगितलं, "तुमच्या घराच्या हवेतच कूट आहे. तुमच्या घरानं माझ्या लेकीच्या अंगात हे भरलं."

सासू, महानंदाबाई, ज्यांना घरात सगळे अव्वा म्हणत, त्यांनी तो ठपका पदरात घेतला. बोट त्यांचंच होतं.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. नवरा मल्लिनाथ दिवसभर चटणीच्या कारखान्यात असे, संध्याकाळी तिथेच डोक्यावरून अंघोळ करी, कपडे बदली आणि मग स्वतःच्या घरी चोरासारखा शिरे. इंचराच्या मनगटावर हवा हुंगणारा पट्टा होता. शेंगेचं प्रथिन हवेत आलं की तो गुणगुणायचा. सोलापुरात तो दिवसभर गुणगुणायचा, म्हणून वर्गातल्या पोरांनी तिचं नाव भुंगा ठेवलं होतं. अव्वा तिला भेटत त्या पडद्यावर, नाहीतर सणावारी बागेत, नवं लुगडं नेसून, चार हात लांब बसून. नातीला जवळ घ्यायचं नाही हा शिवलीलाचा नियम, आणि तिच्या नियमाला कुणी हात लावत नसे.

अशात त्या वर्षी सोलापुरात "दाराची टेस्ट" आली.

तिचं खरं नाव भारदस्त होतं, प्रथम-ओळख आलेख की असंच काहीतरी, पण लोकांनी ते पहिल्याच आठवड्यात टाकून दिलं. रक्ताच्या चार थेंबांवरून हे यंत्र सांगे की तुमच्या शरीराने अमक्या पदार्थाला शत्रू म्हणून पहिल्यांदा कधी ओळखलं आणि तो पदार्थ तेव्हा कुठल्या दाराने आत आला होता. उपचारासाठी काढलेलं यंत्र, पण माणसाच्या हातात तारीख आली की तो आधी दोषी शोधतो. पुण्यात एकाने मुलीच्या अंड्याच्या ॲलर्जीपायी पाळणाघरावर दावा ठोकला. नागपुरात दोन सख्ख्या जावांनी यंत्राची तारीख पुढे करून स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत घातली. लग्नाच्या बायोडाटात रक्तगटाच्या खाली "दार" असा नवा रकाना आला, आणि बाळांना मालिश करणाऱ्या बायका काम धरण्याआधी कोणतं तेल, कुणाचं तेल, हे घरच्यांकडून वदवून मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवू लागल्या.

शिवलीलाने नाव नोंदवलं ते लेकीच्या उपचारासाठी. खरं सांगायचं तर फक्त त्यासाठी नाही. नऊ वर्षं ती जे म्हणत होती त्यावर यंत्राचा शिक्का हवा होता तिला.

केंद्राच्या डॉक्टर निलोफर मुजावर बारीक अंगाच्या आणि स्पष्ट बोलण्याच्या होत्या. त्यांची अट होती की मुलगी तान्ही असताना जे जे भोवती होते ते सगळे यायला हवेत, कारण इतकं जुनं आठवायला एकाची आठवण पुरत नाही. मल्लिनाथ आला, अव्वा आल्या. अक्कलकोटच्या आपल्या आईला शिवलीलाने बोलावलं नाही. आईला कशाला दगदग, आणि तिचा इथे संबंध काय?

"आधी एक समजून घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "दूध पचत नाही म्हणणारे लोक असतात. त्यांच्या आतड्यात दूध फोडणारा रस कमी असतो. पोट फुगतं, धावपळ होते, पण जिवाला धोका नसतो. ॲलर्जी निराळी. तो शरीराच्या पहारेकऱ्यांचा गैरसमज आहे. शेंग बिचारी काहीच करत नाही. पहारेकरीच तिला चोर समजून घरात मारामारी करतात, आणि त्या मारामारीत घर पडतं."

"पण मग एकाला होतं, एकाला नाही, असं का?" मल्लिनाथने विचारलं.

"पहिली ओळख कशी झाली त्यावर बरंच असतं. तोंडाने आत आलं, आतड्यात गेलं, की शरीर त्याला अन्न म्हणतं. ते पुढचं दार. तीच वस्तू खाजेने फाटलेल्या कातडीतून आत शिरली की ती मागच्या खिडकीतून आलेली. पाहुणा असला तरी खिडकीतून आला तर तुम्ही काठीच उचलणार ना? ज्या पेशी हा धडा शिकतात त्यांच्यावर त्या जागेची खूण राहते. शिवाय वर्षं जातील तशा त्यांच्या डीएनएवर बारीक रासायनिक खुणा साचतात. यंत्र त्या मोजतं आणि मागे जातं."

मग त्यांनी पडदा वळवला. दार: त्वचा. वय: तिसरा महिना संपताना, चौथा लागताना.

"तेव्हा तिच्या अंगावर काही होतं का?"

"इसब होता," शिवलीला म्हणाली. "गाल, कोपरं, गुडघ्यांच्या मागे. रात्रंदिवस खाजवायची."

"आणि मुलगी तेव्हा कुठे होती?"

"घरी. बाळीवेशीत." तिने क्षणभरही विचार केला नाही. "मार्गशीर्षात आम्ही आलो माहेराहून. खाली उखळं चालायची, वर पाळणा. कूट उडून पाळण्यावर बसायचं. मी तेव्हापासून हेच सांगायलीय!"

अव्वांनी मान वर केली. काही बोलायला तोंड उघडलं, सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

"असेल बाई," त्या म्हणाल्या. "यंत्र म्हणतंय तर असेल."

या शब्दांसाठी शिवलीलाने नऊ वर्षं वाट पाहिली होती. ते मिळाले आणि तिला काही म्हणजे काही वाटलं नाही, याचंच तिला जास्त नवल वाटलं.

डॉक्टरांनी उपचार समजावला. औषध म्हणजे शेंगच. कणाकणाने, तोंडाने, म्हणजे पुढच्या दाराने. सोबत ज्वारीची भाकरी, ताक, पालेभाज्या, कारण त्यातला चोथा आतड्यातल्या जिवाणूंना मिळाला की ते पहारेकऱ्यांना शांत करणारं आम्ल तयार करतात. एवढं सगळं निसर्गाचं. माणसाची भर फक्त एका टोचणीची. तिच्यामुळे जुन्या पेशींची पाटी काही काळ पुसता येण्याजोगी होते.

"पण पाटीवर जे लिहिलंय तेच समोर धरावं लागतं, तरच ते पुसतं," डॉक्टर म्हणाल्या. "भलतं धरलं तर पेशी आणखी चवताळतात. आणि ही टोचणी आयुष्यात दोनदाच देता येते. दुसऱ्यांदा चुकलं तर मग आहे तसंच जगायचं. म्हणून मला खरी माहिती द्या, मनातली नको."

"खरीच आहे," शिवलीला म्हणाली.

चटणीची शेंग खरपूस भाजलेली असते. म्हणून पहिली टोचणी देऊन इंचराला भाजलेल्या शेंगेची पूड सुरू झाली, इतकी कमी की कागदावर दिसायची नाही. दर आठवड्याला केंद्रात थोडी वाढवायची आणि घरी तेवढीच रोज घ्यायची. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्यात पोट दुखलं. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांच्या समोर पूड जिभेवर ठेवली आणि इंचराने गळ्याला हात लावला.

"मम्मी," ती म्हणाली, "येतंय."

पुढचं सगळं नर्सनी केलं. मांडीत इंजेक्शन, नाकावर मुखवटा, पाय उंच. शिवलीला भिंतीला लागून उभी होती आणि लेकीचं नाव घेत होती. इंचराचा श्वास परत आला तेव्हा शिवलीला तिथेच फरशीवर बसली.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावलं. "आपण भलती पाटी पुसत होतो. मी आज पुन्हा तपासलं. शेंग भाजली की तिच्यातल्या प्रथिनांची घडी बदलते. हिच्या पेशी जी घडी ओळखतात ती भाजलेल्या शेंगेची नाहीच. कच्च्या शेंगेची आहे. भाजलेली थोडीफार तशीच दिसते म्हणून तिच्यावरही उठतात, एवढंच."

"कच्ची शेंग तान्ह्या पोराच्या अंगाला कशी लागेल?"

"तेच तुम्ही मला सांगायचंय. एक टोचणी वाया गेली. दुसरी देण्यापूर्वी मला कच्चं काय, कसं, कशात मिसळून, सगळं हवं. नाहीतर मी देणार नाही."

घरी इंचरा पांघरुणातून डोकं काढून म्हणाली, "परत करायचं ना आपण?"

"भीती नाही वाटत तुला?"

"वाटते. पण भुंगा होऊन कंटाळा आलाय मला." एवढं बोलून ती कुशीवर वळली. शिवलीलाने त्याच क्षणी ठरवलं की हे शोधून काढायचंच, मग त्यासाठी कुणाचं दार वाजवावं लागलं तरी चालेल.

सकाळी ती बाळीवेशीत गेली. उखळं चालू होती. भाजलेल्या शेंगांचा आणि लसणाचा वास गल्लीच्या तोंडापासूनच अंगावर आला, आणि तिच्या लक्षात आलं की हा वास आपल्याला आवडायचा. अव्वा पाटावर बसून लसूण सोलत होत्या. सुनेला पाहून उठू लागल्या.

"बसा. मला एकच विचारायचंय. त्या वेळी घरात कच्च्या शेंगेचं काय होतं?"

"कच्च्या?"

"कच्च्या. कूट नाही, भाजलेलं नाही. आठवा."

अव्वांनी हातातली पाकळी ताटात ठेवली. "कच्च्या शेंगा पोत्यात असतात, खाली गुदामात. भाजल्याशिवाय वर येतच नाहीत." मग त्यांनी बोटांवर महिने मोजले. "शिवलीला, तू मार्गशीर्षात आली नव्हतीस."

"आले होते."

"यायची होतीस. मीच फोन केला होता तुझ्या आईला. म्हटलं, आता पौष लागतोय, पौषात लेकराला घेऊन उंबरा ओलांडू नका, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली की आणा. तू आलीस तेव्हा पोरीला पाचवा सरला होता. पालथी पडायला लागली होती. मी काजळ लावलं होतं तळपायाला."

शिवलीलाला एकदम ते आठवलं. जत्रेचे पाळणे सोडवून ट्रकवर चढवत होते आणि त्यांची गाडी त्यामागे अडकली होती. मार्गशीर्षाची पिशवी भरून ठेवलेली, ती पुन्हा मोकळी केलेली. सगळं आठवलं. नऊ वर्षं तिने ते आठवलं नव्हतं, कारण तिला ते नकोच होतं.

"तुम्हाला त्या दिवशी डॉक्टरसमोर माहीत होतं."

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"चौथ्या महिन्यात लेकरू तुझ्या आईच्या मांडीवर होतं," अव्वा म्हणाल्या. "तिथं काय झालं ते मला माहीत नाही. पण बोट तिच्याकडे गेलं असतं. मला काय, मला बोल खायची सवय झालीय. म्हटलं, त्या बाईला या वयात कशाला नवी सवय लावायची?"

शिवलीलाला आधी रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग. "तुमच्या या चांगुलपणानं काल पोर गेली असती, अव्वा!"

"होय," अव्वा शांतपणे म्हणाल्या. "रात्रभर मी तेच म्हणायलेय. चुकलं माझं. तू खोटं धरून बसलीस आणि मी खरं गिळून बसले. आता बसायचं नाही. जा अक्कलकोटला, विचार."

अक्कलकोटची गाडी तासाभराची. वाटेत शिवलीलाने मनाशी सगळं जुळवून ठेवलं. आईला सहज विचारायचं, जुन्या गप्पा काढल्यासारखं. माहिती घ्यायची, डॉक्टरला द्यायची. यंत्र काय म्हणालं ते आईला कळायचं कारण नाही. अव्वांनी गिळलं, तसं आपणही गिळू. अव्वांना तासाभरापूर्वी काय सुनावलं होतं ते ती सोयीने विसरली होती.

आई, भागीरथीबाई, अंगणात उन्हात पाय पसरून बसली होती. पायांवर शिवलीलाच्या भावाचं बाळ होतं, तीनेक महिन्यांचं, उघडं. शेजारी पितळी वाटी. लेक आलेली पाहून आईचा चेहरा फुलला.

"आलीस? ये. बघ, याची पण कातडी कशी झालीय, अगदी इंचरासारखी. गाल बघ, लाल भडक. म्हटलं, जिरवते तेल, आठ दिवसांत लोण्यासारखा होतो का नाही बघ."

शिवलीलाने वाटीत पाहिलं. गढूळ, पिवळसर तेल होतं. वास तिने ओळखला.

"कसलं तेल आहे आई?"

"घाण्याचं की! लाकडी घाण्याचं, शेंगाचं. भाजायचं नाही, कच्च्या शेंगा तशाच घाण्यात घालायच्या, गाळायचं पण नाही. सगळा कस त्यात असतो. इंचरालाही हेच लावलं होतं मी. थोडं डाळीचं पीठ कालवायचं आणि चोळायचं, मग मळ निघतो. बाजारातलं बाटलीतलं तेल माझ्या घरात पोराच्या अंगाला लागू दिलं नाही मी कधी."

झालं. हवं ते सगळं मिळालं होतं, न विचारता. बाटलीतलं शुद्ध केलेलं तेल असतं तर त्यात प्रथिन जवळपास उरलंच नसतं. आईने लेकीच्या लेकीसाठी सगळ्यात चांगलं, सगळ्यात कसदार म्हणून जे शोधून आणलं होतं, त्यातच ते जसंच्या तसं होतं. आणि खाजवून फुटलेल्या कातडीवर डाळीच्या पिठाने चोळून चोळून ते आत गेलं होतं, मायेने, उन्हात बसून, गाणी म्हणत. आता उठावं, चहा घ्यावा, आणि परतीची गाडी पकडावी. इंचराचं काम झालं होतं.

आईने बोटं वाटीत बुडवली आणि बाळाच्या गालाकडे नेली.

"आई, थांब." शिवलीलाने तिचं मनगट धरलं. "लावू नको."

"अगं, का?"

मग शिवलीला तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि तिने सगळं सांगितलं. दार, खिडकी, चौथा महिना, कच्ची शेंग. कुठे मऊ केलं नाही, कुठे लांबवलं नाही. घरातून भावजय येऊन दारात उभी राहिली, तिने काही न बोलता बाळ उचललं आणि ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसायला घेतलं.

आई तेलकट हातांकडे बघत होती. तिने ते पदराला पुसले. पुन्हा पुसले.

"म्हणजे ती बाई," ती म्हणाली, "तुझी सासू. नऊ वर्षं..."

"हो."

"आणि मी प्रत्येक संक्रांतीला तिला हसून तिळगूळ दिला, आणि मनात म्हटलं, हिनं माझ्या नातीचं वाटोळं केलं."

शिवलीलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती मोडेल असं तिला वाटत होतं. सत्तरीची बाई, आयुष्यभर गल्लीतली पोरं हिच्या हाताने न्हालेली. पण भागीरथीबाईंनी नाक पुसलं, वाटी उचलली, तेल मोरीत ओतलं आणि विचारलं, "आता काय करायचं ते सांग. तुझ्या डॉक्टरला काय हवंय? घाणा तोच आहे, शेंग त्याच शेतातली आहे. मी येते."

"आई, तू यायलाच हवं असं नाही."

"मी येते म्हटलं ना!"

दुसरी टोचणी दिली त्या दिवशी केंद्राच्या बाकावर दोन म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. भागीरथीबाई आधी आल्या होत्या. अव्वा आल्या तशा त्या उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पायाशी वाकल्या. अव्वांनी त्यांना अर्ध्यातच धरलं. "सरका की जरा," त्या म्हणाल्या. "बसू द्या मला. गुडघे दुखायलेत." त्यापलीकडे त्या दोघींत त्या विषयावर कधी बोलणं झालं नाही.

या वेळी कच्च्या शेंगेपासून सुरुवात झाली. त्याच घाण्याचं गढूळ तेल, त्यात डाळीचं पीठ, पाण्यात घोटून हजार पट पातळ केलेलं, एक थेंब. इंचराने जीभ बाहेर काढली आणि शिवलीलाने श्वास धरला. काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात दोन थेंब. तिची कातडी आधी साध्या मलमाने आणि कोमट पाण्याने नीट भरून आणली होती, म्हणजे मागची खिडकी बंद राहील. सकाळी ताक, दुपारी भाकरी, पालेभाजी. इंचराला भाकरीचा वीट आला, तिने रडून पाहिलं, ताट सरकवून पाहिलं. शिवलीला बधली नाही. मध्ये एकदा ओठ सुजला, दोनदा पोट बिघडलं. डॉक्टर मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या. हिवाळा गेला. उन्हाळ्यात कच्च्यावरून भाजलेल्यावर आले, आणि या वेळी पेशींनी काठी उचलली नाही. एका संध्याकाळी मल्लिनाथ कारखान्यातून अंघोळ न करताच घरी आला, दारात उभा राहिला, आणि पट्टा गुणगुणत असताना इंचरा जाऊन त्याला बिलगली. तो माणूस तिथेच उंबऱ्यावर बसून रडला.

शेवटच्या परीक्षेला डॉक्टरांनी सांगितलं, खरं जेवण आणा. वाटीभर नको, चमचाभर चटणी, भाकरीसोबत. अव्वांनी ती स्वतः कुटली. कारखान्याची नाही, घरच्या उखळातली. डॉक्टरांनी ती मोजून ताटलीत ठेवली. खोलीत इंजेक्शन तयार होतं, नर्स तयार होती.

"नको वाटलं तर आत्ता सांग," शिवलीला म्हणाली.

इंचराने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भाकरीचा मोठा तुकडा तोडला, सगळी चटणी त्यावर घेतली आणि तोंडात टाकली.

चावण्याचा आवाज येत होता. भागीरथीबाईंचे ओठ हलत होते, त्या सिद्धेश्वराचं नाव घेत असाव्यात. अव्वा आणि मल्लिनाथ खुर्चीच्या अगदी कडेला आले होते. शिवलीला लेकीचा गळा बघत होती, गाल, पापण्या, कानांच्या पाळ्या, जिथे जिथे ते नऊ वर्षं उठत आलं होतं ते सगळं. दहा मिनिटं गेली. इंचराने मान खाजवली आणि चौघे एकदम उठले.

"डास चावला," ती म्हणाली. "बसा ना तुम्ही."

तास झाला, दोन झाले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली, तोंड उघडायला लावलं. मग त्यांनी इंजेक्शन उचलून कपाटात ठेवलं.

"जमलं," त्या म्हणाल्या. "आता एक लक्षात ठेवायचं. पहारेकऱ्यांना ही ओळख रोज लागते. सोडलं की ते विसरतात. तेव्हा रोज थोडी शेंग खायची, खाडा करायचा नाही. मोठी झाल्यावरसुद्धा."

शिवलीलाने लेकीला छातीशी धरलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं.

अव्वा पुढे आल्या. "कशी झालीय गं चटणी?" त्यांनी विचारलं. नातीला हे विचारायला त्यांना इतकी वर्षं लागली होती.

इंचराने आधी आईकडे पाहिलं, मग अव्वांकडे. "खरं सांगू?"

"खरंच सांग. गिळून कुणी बसायचं नाही आता."

"मला नाही आवडली."

मल्लिनाथला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात दडवलं. चार पिढ्या चटणी कुटणाऱ्या मेंगाण्यांची लेक, आणि तिला जन्मभर रोज खायची होती. अव्वांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या ताठ झाल्या, पदर कमरेला खोचला, आणि सरळ जाऊन इंचराच्या खाटेवर तिला खेटून बसल्या.

"काय नाही आवडलं? तिखट का लसूण? का भाजणं जास्त झालंय? नीट सांग."

"लसूण आधी," इंचरा म्हणाली. "आणि ते जाड जाड दातात अडकतं ना, ते. आणि मीठ पण..."

ती सांगत गेली, बोटांवर मोजून एकेक, आणि अव्वा तिच्या तोंडाशी कान नेऊन, कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिल्या. त्यांच्या लुगड्याला चटणीचा वास होता, इंचराच्या मनगटावरचा पट्टा भुंग्यासारखा गुणगुणत होता. शिवलीलाने तो ऐकला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिला त्या दोघींच्या मध्ये पडावंसं वाटलं नाही.